दर पावसाळ्यात काळा धूर: जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरमधले जादा पेट्रोल येते कुठून?

वेंगुर्ल्यासारख्या समुद्राला खेटून असलेल्या गावात जुनी बुलेट बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मृग लागून पहिले दोन-चार पाऊस पडून गेले, की गाडी सकाळच्या किकला घुसमटू लागते, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा उग्र वास येतो आणि आठवड्याभरात प्लग काळाकुट्ट होतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की हवेचे प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर येतो, पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची, म्हणजे निडलची, क्लिप एक खाच वर चढते, नवा प्लग बसतो आणि दहा-पंधरा दिवस बरे जातात. मग पुन्हा तेच. माझ्या १९८०च्या दशकातल्या ३५० सीसी बुलेटवर हा प्रकार सलग तीन पावसाळे झाला. चौथ्या वर्षी मी कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, स्वतः उघडून बसलो, आणि तेव्हा लक्षात आले की ट्यूनिंगने जे दुखणे दहा दिवसांपुरतेच बरे होते, त्याचे मूळ ट्यूनिंगमध्ये नसते. पेट्रोल अशा वाटेने आत येत असते, जिच्यावर त्या स्क्रूचा ताबाच नाही.

म्हणून पेचकस हातात घेण्याआधी मिश्रण खरोखर ‘रिच’ आहे का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे का, हे ठरवावे. सावंतवाडीच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी मला यासाठी एक साधी परीक्षा शिकवली. “आधी कॉक बंद करून बघ रे, मगे पेचकस हातात घे,” एवढेच ते म्हणाले. गाडी दहा-बारा किलोमीटर चालवून चांगली तापवावी, मधल्या स्टँडवर घ्यावी, रेस थोडी वाढवून स्थिर ठेवावी आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठते त्या वाटीतले पेट्रोल संपत जाते तशी त्याची पातळी उतरते आणि मिश्रण आपोआप पातळ होत जाते. बंद पडण्यापूर्वी इंजिनाचा आवाज बराच वेळ स्वच्छ झाला, ठोके सलग पडू लागले आणि वेग चढला, तर मिश्रण रिच आहे हे निश्चित समजावे. निरोगी इंजिनही शेवटी क्षणभर वेग घेते. पाहायचे आहे ते हे, की सुधारणा किती वेळ टिकते. माझी गाडी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ नव्यासारखी चालली आणि मगच थांबली.

प्लगवरून निदान करताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे अंगणात पाच मिनिटे गाडी चालू ठेवून प्लग काढणे. स्लोवर, म्हणजे रेस न देता, कोणत्याही बुलेटचा प्लग थोडाफार काळवंडतोच, त्यामुळे तो रंग काहीही सांगत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एका ठरावीक थ्रॉटलवर दोन-तीन किलोमीटर चालवून, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे, गाडी घरंगळत कडेला घ्यावी आणि मग प्लग पाहावा. दुसरी चूक अधिक खोलवर रुजलेली आहे. जुन्या पुस्तिकांत प्लगचे चिनी मातीचे टोक कॉफीच्या रंगाचे असावे असे लिहिलेले असते, पण ते वर्णन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि तेव्हापासून योग्य मिश्रणावरही हे टोक बरेच फिकट दिसते. अनेकजण तो जुना तपकिरी रंग मिळवण्यासाठी मिश्रण वाढवत नेतात आणि स्वतःच गाडी रिच करून ठेवतात. आता खरी खूण टोकाच्या तळाशी, धातूच्या आत खोलवर असलेल्या कड्यावर शोधावी लागते. तिथे बारीक, कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे. काजळीऐवजी ओला, चकाकणारा काळा थर असेल, तर तो बहुधा ऑइलचा असतो, आणि मग कार्बोरेटर बाजूला ठेवून पिस्टनच्या रिंगा व व्हॉल्व्ह गाइड यांच्याकडे वळावे.

समुद्रकाठी आणखी एक फसवणूक होते. खाऱ्या हवेने ठिणगी घडवणाऱ्या पॉइंटवर पांढुरका थर चढतो, प्लगच्या टोपीत आणि जाड वायरीच्या टोकाशी गंज धरतो, आणि ठिणगी अशक्त होते. अशक्त ठिणगीने पेट्रोल अर्धवट जळते आणि प्लग तितकाच काळा पडतो. रात्री काळोखात प्लग हेडला टेकवून किक मारावी. ठिणगी निळसर आणि ठसठशीत दिसली पाहिजे. मात्र त्या वेळी आसपास सांडलेले पेट्रोल नाही, एवढे आधी पाहून घ्यावे. पिवळट, बारीक ठिणगी दिसली तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून पुस्तिकेतल्या मापाची फट ठेवावी, गरज पडल्यास कंडेन्सर बदलावा आणि वायर टोकाशी अर्धा इंच कापून नव्याने जोडावी. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट, याच वेळी पाहून घ्यावेत: इंजिन थंड असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत पुशरॉड बोटांनी सहज फिरावेत, पण वर-खाली हलू नयेत. हे सगळे व्यवस्थित असल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावला, तर एका दोषावर दुसऱ्या दोषाचे पांघरूण पडते.

आता जादा पेट्रोलकडे येऊ. मिकुनीच्या आराखड्यावर बनलेल्या मिककार्बसारख्या स्लाइड कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल जसजसा उघडतो, तसतसा पेट्रोल पुरवण्याचा भार एका भागाकडून दुसऱ्याकडे जातो. जेट म्हणजे मोजून पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे. बंद थ्रॉटलपासून सुमारे पाव भागापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्याच्या आसपास थ्रॉटलसोबत वर-खाली होणाऱ्या स्लाइडचा तिरका काप, पाव ते पाऊण भागात निडल आणि तिच्याभोवतीचे निडल जेट, आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट. या सीमा काटेकोर नाहीत, एकमेकींत मिसळतात. पण तक्रार नेमक्या कोणत्या टप्प्यात आहे हे कळले, की निम्मे काम झाले. त्यासाठी मी डॉक्टरी चिकटपट्टीचा एक तुकडा थ्रॉटलच्या मुठीवर आणि एक शेजारच्या स्थिर भागावर लावला, त्यांवर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा रेघा बॉलपेनने मारल्या, आणि शिरोड्याच्या रस्त्यावर प्रत्येक रेघेवर स्वतंत्रपणे गाडी चालवून पाहिली. स्लोवर घुसमट, पावाला ठोके चुकणे, अर्ध्याला थोडे जडपण, पाऊण ते पूर्णला गाडी जवळपास स्वच्छ, असे उत्तर आले. म्हणजे मेन जेट निर्दोष होते. तीन वर्षांत ते दोनदा बदलले गेले होते!

पावसाळ्यातल्या या दुखण्याचे खापर पुष्कळदा दमट हवेवर फोडले जाते. हवेतली वाफ प्राणवायूची जागा घेते हे खरे आहे, आणि २८ अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत ही जागा पावणेचार टक्क्यांच्या आसपास भरते. पण कोकणात हवा जानेवारीतही कोरडी नसते. तेव्हाच्या आणि जुलैच्या हवेतला फरक दोन टक्क्यांच्या जवळपासच राहतो, आणि मे महिन्याशी तुलना केली तर त्याहूनही कमी. एवढ्याने गाडी काळा धूर सोडत नाही. पावसाळ्यात खरे बदलते ते एअर फिल्टर, पेट्रोलमधले पाणी आणि रबराचे भाग.

एअर फिल्टरचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मे अखेरपर्यंत जांभ्याची तांबडी धूळ फिल्टरमध्ये दाबून बसते; कोरडी असते तोवर तिच्यातून हवा कशीबशी जाते, पण पहिल्या पावसाची ओल लागली की तिचा चिखल होतो आणि कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटतात. हवेचा मार्ग अडला की प्रत्येक थ्रॉटलवर मिश्रण रिच होते, आणि ते वरच्या रेसला अधिक जाणवते. फिल्टर काढून थोडे अंतर चालवून पाहावे. गाडी लगेच सुधारली तर तोच दोषी. ही केवळ परीक्षा आहे, फिल्टरशिवाय गाडी वापरू नये, कारण तीच तांबडी धूळ सिलिंडर खाते. कागदी फिल्टर मृगापूर्वी बदलावा आणि गणपतीच्या सुमारास पुन्हा उघडून पाहावा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, पूर्ण वाळवून हलके ऑइल लावावे.

फिल्टर स्वच्छ असूनही तक्रार राहिली, तर वाटीतली पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाकडे, म्हणजे फ्लोटकडे वळावे. वाटीतली पेट्रोलची पातळी ठरलेल्या मापापेक्षा वर असेल, तर सगळेच जेट प्रमाणाबाहेर पेट्रोल देतात आणि बाहेरच्या कोणत्याही स्क्रूने ते सुधारत नाही. पातळी वाढण्याचे नेहमीचे कारण म्हणजे वाटी भरल्यावर पेट्रोल बंद करणारी फ्लोटची पिन नीट न बसणे. ओलसर हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आत दव धरते, टाकी आतून गंजते, गंजाची एखादी खपली जाळी चुकवून खाली येते आणि पिनेच्या टोकाशी अडकते. पिनेच्या निमुळत्या टोकावर नखाने चाचपून पाहावे. गोल खाच लागली तर पिन आणि तिची बैठक दोन्ही एकत्र बदलावीत, एकटी नवी पिन जुन्या बैठकीवर फार दिवस टिकत नाही. पिन बंद होते की नाही हे तोंडाने फुंकून पाहणाऱ्यांना मी विनवतो की पेट्रोल तोंडात घेऊ नका. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज नळीला लावून, फ्लोट बोटाने उचलून हलका दाब दिला, की हवा निसटते का ते लगेच कळते. त्यानंतर फ्लोटची उंची आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहावी, आणि फरक असेल तर पिनेला टेकणारी पट्टी केसभर वाकवून दुरुस्त करावी. पट्टीने पिनेला नुसता स्पर्श केलेला असताना माप घ्यावे, दाबून नव्हे.

वाटी उघडली असता तळाशी पाण्याचे मणी आणि पिठासारखी पांढरी भुकटी दिसली, तर तो पेट्रोलमधल्या इथेनॉलचा आणि ओलीचा एकत्र परिणाम आहे. २०२५ मध्ये देशभरातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि ओल मर्यादेबाहेर गेली की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर या मिश्र इंधनाला साडेतेरा पटीच्या आसपासच पुरते. म्हणजे त्याच जेटवर गाडी पूर्वीपेक्षा किंचित ‘लीन’, म्हणजे पातळ मिश्रणावर, चालायला हवी. तरीही जुनी गाडी काळा धूर सोडत असेल, तर दोष मानावा लागतो त्याहून मोठा आहे, आणि जेट एक नंबर कमी करून तो झाकला तर उद्या मूळ दोष दुरुस्त झाल्यावर तीच गाडी लीन होऊन तापेल.

माझ्या गाडीत फिल्टर आणि फ्लोट दोन्ही ठीक निघाले. उरलेली खूण अशी होती, की गरम गाडी स्लोवर असताना एअर स्क्रू आत-बाहेर कितीही फिरवला तरी आवाजात फरक पडत नव्हता; तीन फेरे बाहेर काढला तरी घुसमट तशीच. या कार्बोरेटरवर हा स्क्रू हवा नियंत्रित करतो, त्यामुळे बाहेर काढला की मिश्रण पातळ व्हायला हवे. ते होत नसेल तर पायलट मार्गाला वळसा घालून पेट्रोल येत आहे, आणि असा वळसा एकच आहे: थंड गाडी सुरू करताना जादा पेट्रोल देणारा चोक.

मिककार्बचा चोक हवेच्या तोंडावर झडप लावत नाही. तो वेगळ्या छोट्या मार्गाने जादा पेट्रोल आणि हवा थेट इंजिनाकडे सोडतो, आणि त्या मार्गाचे तोंड एका दांड्याच्या टोकावरच्या रबरी चकतीने बंद राहते. चोकचा नट सोडवून मी तो दांडा बाहेर काढला. शेंगदाण्याएवढीही नसलेली ती रबरी चकती चिंचोक्यासारखी कडक झाली होती, तिच्यावर बैठकीच्या कडेचा गोल वळ खोल उमटला होता, आणि त्या वळाला एका जागी केसाएवढी चीर होती. बैठकीवर तीच पांढरी भुकटी. खटका बंद स्थितीत असूनही चोक कायम थोडा चालूच होता. थ्रॉटल बंद असताना इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून पेट्रोल स्लोवर सर्वाधिक येत होते आणि थ्रॉटल उघडेल तसे त्याचे प्रमाण नगण्य होत होते. चिकटपट्टीवरच्या रेघांनी दिलेले उत्तर याच्याशी तंतोतंत जुळले. कापसाच्या काडीने बैठक पुसून, नवा दांडा बसवून गाडी चालू केली, तेव्हा एअर स्क्रूच्या पाव फेऱ्यालाही आवाज बदलू लागला. तीन वर्षांत कार्बोरेटर किमान पाच वेळा उघडला गेला होता, पण हा एक नट कोणीही सोडवला नव्हता. ज्यांची तक्रार माझ्यासारखी आहे, त्यांनी आधी हाच नट सोडवावा असा माझा आग्रह आहे.

त्यानंतरही पावाच्या पुढे थोडे जडपण उरले होते. ते निडल जेटचे होते. इंजिनाच्या धक्क्यांनी निडल त्या पितळी नळीच्या भोकावर वर्षानुवर्षे घासत राहते, आणि गोल भोक लंबगोल होते. निडल ठरल्या खाचेत असली तरी तिच्याभोवतीची फट वाढलेली असल्याने पेट्रोल जास्त जाते. क्लिप वर चढवून निडल खाली केली तर एका टप्प्यात सुधारणा होते आणि दुसऱ्यात गाडी अडखळते. नळी उजेडासमोर धरून भिंगातून पाहावी, आणि निडलच्या अंगावर एका बाजूला चकाकती घासरेघ आहे का ते पाहावे. असेल तर दोन्ही जोडीने बदलावीत. सुटे भाग घेताना केवळ कोरलेल्या नंबरवर विसंबू नये. अंक तोच आणि भोक वेगळे, असे नमुने माझ्या हाती आले आहेत. जुन्या भागांत तारा घालून भोक साफ करणेही टाळावे, कारण पितळ मऊ असते आणि तारेच्या एका ओरखड्याने माप कायमचे बिघडते. आमच्याकडे मासेमारीचा बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कुठेही मिळतो. त्याचा तुकडा आणि पंपाची हवा एवढ्याने पायलट जेट उत्तम मोकळे होते.

हे सर्व भाग जागेवर आल्यावरच ट्यूनिंग करावे. गाडी पूर्ण तापलेली असावी. एअर स्क्रू हलक्या हाताने आत बसवून दीड फेरा बाहेर काढावा आणि स्लाइडच्या स्क्रूने स्लो थोडा वाढवून ठेवावा. मग एअर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत सर्वांत जास्त आणि स्थिर वेग मिळतो ती जागा शोधावी, आणि शेवटी स्लो पुन्हा खाली आणावा. उत्तम जागा अडीच फेऱ्यांच्या बाहेर मिळत असेल तर पायलट जेट मोठे आहे किंवा कुठेतरी अजून गळती आहे. अर्ध्या फेऱ्याच्या आत मिळत असेल तर जेट लहान आहे किंवा तुंबलेले आहे. निडलची क्लिप मधल्या खाचेपासून सुरू करून एका वेळी एकच खाच बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच रेघेवर चालवून पाहावे. एका दिवसात दोन गोष्टी बदलल्या, की कोणत्या बदलाने काय झाले हे कायमचे हरवते. मी तारीख, हवामान, स्क्रूचे फेरे आणि क्लिपची खाच एका वहीत लिहितो.

आंबोलीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. किनाऱ्यापासून सुमारे ७०० मीटर वर गेल्यावर हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ होते आणि स्लाइड कार्बोरेटरचे मिश्रण साधारण त्याच्या निम्म्याने रिच होते. किनाऱ्यावर नीट लावलेली गाडी घाट चढल्यावर थोडी जड वाटली तर ती बिघडलेली नाही. वर जाऊन स्क्रू फिरवू नये, कारण खाली उतरल्यावर ती लीन चालेल.

जुनी येझदी किंवा राजदूत बाळगणाऱ्यांसाठी क्रम हाच आहे, पण टू-स्ट्रोकमध्ये आणखी दोन शक्यता आधी वगळाव्यात: पेट्रोलमध्ये ऑइल प्रमाणाबाहेर पडणे, आणि क्रँकचे सील जाऊन गिअरबॉक्समधले ऑइल आत ओढले जाणे. दुसऱ्या बाबतीत गिअर ऑइलची पातळी बाहेर गळती न दिसताच उतरते, आणि कार्बोरेटर कितीही लावला तरी धूर थांबत नाही. जुन्या पितळी फ्लोटला सूक्ष्म भोक पडून आत पेट्रोल शिरल्याचेही आढळते; फ्लोट कानाशी हलवला की आवाज येतो.

बराच काळ रिच चाललेल्या गाडीचे ऑइल मात्र न विसरता बदलावे. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते; ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर एक दिवसही थांबू नये. वाटी उघडण्याचे काम खळ्यात, मोकळ्या हवेत करावे. पडवीत चूल किंवा देवाजवळ समई तेवत असेल तिथे कधीही नाही. गाडी पावसात आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे, आणि गाडी बाजूच्या स्टँडवर न ठेवता मधल्या स्टँडवर घ्यावी, म्हणजे तिरक्या वाटीतून पेट्रोल झिरपत नाही. माझ्या गाडीची सरासरी लिटरला २६-२७ किलोमीटरवर उतरली होती. चोकचा दांडा आणि निडल जेट बदलल्यानंतर ती पुन्हा ३५ च्या आसपास आली, आणि त्यानंतरचे दोन पावसाळे एअर स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवरून हललेला नाही.